ओर्मुआचं पाणी

जूनच्या पहिल्या आठवड्यात स्टुडिओतल्या नऊ जणांना एकाच सकाळी काढलं आणि ओर्मुआ गाव एकट्या नीरजाच्या गळ्यात पडलं.

ओर्मुआ हे काही खरं गाव नव्हे. फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनच्या मुलखात, साडेसहाशे वर्षांपूर्वी, द्राक्षमळ्यांच्या उतारावर वसलेलं पन्नासेक घरांचं एक खेडं, असं ते मेलबर्नच्या एका लहानशा गेम कंपनीनं कल्पनेनं रचलं होतं. खेळणारा माणूस द्राक्षतोडणीच्या दिवसांत या गावात येतो आणि तिथे झालेल्या एका खुनाचा छडा लावतो, असा तो गेम. त्यातली माणसं दुसरं कुणी बनवायचं, त्यांची बोलणी तिसरं कुणी लिहायचं. ती माणसं जिथे वावरतात ती जागा, म्हणजे वेस, गल्ल्या, दगडी घरं, चर्च आणि तळघरं उभी करायचं काम नीरजाच्या टीमचं होतं. आता टीममध्ये तीच उरली होती. ऑगस्टअखेर गाव पूर्ण करून, गेमला पैसे पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या पब्लिशरला दाखवायचं होतं.

ती त्रेचाळीस वर्षांची होती. साताऱ्यात वाढली, पुण्यात शिकली, मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स करून इथेच राहिली. गेली आठ वर्षं ती पॉइंट कुक या उपनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून काम करत होती. नवरा हृषिकेश बँकेच्या आयटीत होता. आठवड्याचे तीन दिवस तो भल्या सकाळी गाडीनं विल्यम्स लँडिंग स्टेशन गाठायचा आणि तिथून ट्रेननं सिटीत जायचा. मुलगी अनुष्का तेरा वर्षांची. आणि मे महिन्यापासून घरात चौथं माणूस होतं, नीरजाचे वडील, पद्माकर.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा साताऱ्यात एकटे राहत होते. स्वतःपुरता भात लावून दोन्ही वेळा तोच खात होते, असं शेजारच्यांकडून कळल्यावर नीरजानं हट्ट करून त्यांना बोलावून घेतलं. आल्यापासून ती एकच विषय काढायची. "बाबा, इथेच राहा. आपण पर्मनंट व्हिसाचा अर्ज करू." ते म्हणायचे, "बघू." हे 'बघू' तिला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यातून हो किंवा नाही काहीच निघत नसे.

ते नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. पॉइंट कुकला त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. सकाळी स्वेटरवर जाकीट चढवून ते तळ्याला एक फेरी मारायचे. ते तळंही वसाहतीचं पावसाचं पाणी साठवायला मुद्दाम खोदलेलं. खाडीवरून येणारा वारा अंगातून आरपार जायचा. घरं सगळी एकसारखी, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ते भलत्या घराची बेल वाजवून आले होते. दोन महिन्यांत त्यांनी या देशाचं कौतुक एकदाच केलं. जेवताना म्हणाले, "रस्त्यांना उतार मात्र नीट दिलाय ह्या लोकांनी. कुठं पाणी थांबत नाही."

जुलैच्या मध्यावर एका सकाळी ते नीरजासाठी चहा घेऊन तिच्या खोलीत आले. ती स्क्रीनकडे बघत बसली होती. डोळ्यांखाली काळं झालेलं, केस कसेतरी वर बांधलेले. त्यांनी कप ठेवला आणि पहिल्यांदाच तिथे थांबून स्क्रीन पाहिली.

"हे कुठलं गाव म्हणायचं?"

"ओर्मुआ."

"काय? उरमोडी?"

उरमोडी म्हणजे त्यांच्याकडची नदी. तिच्यावरच्या धरणाच्या पाण्यासाठी त्यांनी कित्येक पावसाळे पायपीट केली होती. नीरजा थोडी हसली. "ओर्मुआ, बाबा. फ्रेंच आहे."

"बरं." ते वाकून बघू लागले. उतारावर द्राक्षाच्या ओळी होत्या. काही माणसं पाठीवर वेताच्या टोपल्या घेऊन चढण चढत होती. "ही माणसं काय वाहतायत?"

"माती. पावसानं वरची माती खाली वाहून येते ना मळ्यातून, ती परत वर नेऊन टाकायचे."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"बांध नव्हते घालत?"

"घालायचे, दगडाचे. तरी यायचीच माती."

ते बराच वेळ त्या माणसांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आणि गावाला पाणी कुठनं येतं?"

"ती बघा विहीर. वेशीजवळ."

"ती एवढी खाली? का?"

"गावात शिरल्या शिरल्या छान दिसते म्हणून."

"आणि सांडपाणी कुठं जातं? रस्त्याला गटार दिसत नाही. ह्या घरांचं पावसाचं पाणी तर सरळ त्या तळघरात शिरणार."

नीरजानं खुर्ची वळवली. त्या दिवशी तिची अजून तीन घरं व्हायची होती. "बाबा, गेम आहे हा. खरं पाणी नाहीये त्यात. मला काम करू द्या ना."

"हो हो. कर," म्हणून ते निघून गेले.

दोन दिवसांनी ब्रॉनविनचा फोन आला. ब्रॉनविन म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारी मॅनेजर, पन्नाशीची, शांत बोलणारी ऑस्ट्रेलियन बाई. पब्लिशरनं गावाचे फोटो पाहिले होते. गाव सुंदर आहे, पण खोटं वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. नाटकाच्या सेटसारखं. काय चुकतंय ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

"नो वरीज, मी बघते," नीरजा म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मग तिनं कपाळ टेबलावर टेकवलं. तिला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. झोप येत होती फक्त. गेले सहा आठवडे ती शनिवार-रविवारसुद्धा काम करत होती. ती फ्रान्सला कधी गेली नव्हती. दोन हजार फोटो, जुने नकाशे, लोकांनी चालत काढलेले व्हिडिओ बघून तिनं एकेक दगड रचला होता. आता त्यात खोटं काय आहे हे तिला कुठून दिसणार?

थोड्या वेळानं ती उठून बाबांच्या खोलीत गेली. ते पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होते.

"बाबा, परवा तुम्ही गटाराचं काय म्हणत होतात?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नाही हे बघून ते उठले आणि म्हणाले, "मला गावाच्या लेव्हल काढून दे. आणि एखादी आलेखाची वही."

अनुष्काच्या दप्तरात वही सापडली. नीरजानं डोंगरापासून वेशीपर्यंतचे उंचीचे आकडे काढून दिले. दुपारभर डायनिंग टेबलावर बसून त्यांनी पेन्सिलनं त्या गावाचा नकाशा काढला, आणि तो उलगडून तिला समजावला तेव्हा त्यांचा आवाज तिला ऑफिसातल्यासारखा वाटला. ती शाळेत असताना कधी डबा द्यायला त्यांच्या ऑफिसात जायची, तेव्हा ऐकलेला.

"हा डोंगर चुनखडीचा म्हणतेस ना, म्हणजे इथं कुठं तरी झरा फुटणारच. तो पहिल्यांदा धरायचा. झरा आहे म्हणून गाव आहे. आधी पाणी, मग माणसं, आणि तुमचं ते देऊळ..."

"चर्च."

"चर्च. ते सगळ्यात शेवटी. आपल्याकडं साताऱ्यात महादऱ्याच्या तळ्याचं पाणी खापरी नळातनं शहरातल्या हौदात आणलं होतं, पंप नव्हता काही नव्हता, नुसत्या उतारावर. तसंच इथं. झऱ्याचं पाणी वरच्या अंगाला हौदात. हौद भरून वाहिला की ते जनावरांच्या कुंडात. तिथनं रस्त्याच्या मधोमध दगडी गटार. कपडे धुवायची जागा गावाच्या खाली, आणि चामड्याचं काम करणारे असतील तर ते त्याच्याही खाली. आता बघ, घरं आपोआप कशी वळतात. दार कुणी गटाराच्या तोंडाशी ठेवणार नाही. तळघराला उंबरा लागेल, वीतभर उंच."

नीरजा ऐकत राहिली. तिला पहिल्यांदा जाणवलं की आपण हे गाव बाहेरून बघून बांधलंय, वेशीतून येणाऱ्या पाहुण्याला दिसेल तसं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागले. ती एक गल्ली उचलायची, उतार बदलायची, ते चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "अजून एक बोट." किंवा, "इथं शेवाळ दे. इथं कायम ओल असणार." द्राक्षं पिळायचा लाकडी घाणा तिनं चर्चजवळ ठेवला होता, तो त्यांनी खालच्या वेशीशी न्यायला लावला. भरलेल्या टोपल्या घेऊन कुणी चढ चढणार नाही, म्हणाले. दुपारी ते खुर्चीतच पेंगायचे. तीही कधी कधी पेंगायची. अनुष्का शाळेतून आली की दोघांकडे बघून म्हणायची, "यू टू नीड अ हॉलिडे," आणि फ्रीजमधलं काहीतरी घेऊन वर निघून जायची.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र बिनसलं.

गावचा चौक खाली, वेशीजवळ होता. मधोमध तीच पहिली विहीर, भोवती लिंडनची झाडं, पावाची भट्टी, बाजाराची जागा. बाबांचं म्हणणं, हौद वर झाला, तर आता हा चौकही वर हौदाजवळ न्यायला हवा. माणसं पाण्याजवळ जमतात.

"चौक नाही हलवता येणार," नीरजा म्हणाली. "तीन दिवसांचं काम आहे ते. खाली विहीर राहू दे, वर हौद राहू दे. दोन्ही असू देत."

"दोन्ही कशाला असतील? खाली विहीर असली तर वर राहणाऱ्या बायकांनी काय करायचं?"

"चढायचं. बाबा, कोण बघणार आहे ते? खेळणारा खून शोधतोय. तो बायका कुठून पाणी आणतात ते नाही बघणार."

"मी बघतोय ना."

"तुम्हाला काय, तुम्ही रिटायर आहात. मी दहा आठवडे एक दिवस झोपलेले नाहीये धड. मला हे संपवायचंय. बरोबर-चूक काही नाही, फक्त संपवायचंय."

बाबांनी वही मिटून टेबलावर ठेवली आणि खोलीत गेले. जेवायला हाक मारल्यावर भूक नाही म्हणाले. संध्याकाळी हृषिकेशनं विचारलं, "काय झालं? बाबा तळ्याकडे गेलेत दोन तास झाले. थंडी केवढी आहे."

ती जाकीट चढवून गेली. बाबा तळ्याकाठच्या बाकावर बसले होते, कानटोपी भुवयांपर्यंत ओढून. ती शेजारी बसली. बदकं पाण्यावर एका जागी थांबून होती.

"चला घरी. सॉरी म्हणते."

"सॉरी कशाला. तुझं बरोबर आहे, दमली आहेस." मग त्यांनी विचारलं, "आपली ती टेकडीवरची खोली आठवते तुला? तू लहान होतीस."

"थोडी थोडी. पत्र्याची होती ती?"

"हां, तीच. सहा वर्षं होतो तिथं. त्या गल्लीला पाणी चढायचं नाही. खालच्या चौकातल्या नळावरनं आणावं लागायचं. तुझी आई आणायची. सकाळी चार खेपा, संध्याकाळी दोन. तू पोटात असतानासुद्धा. सत्याऐंशी पायऱ्या होत्या, मी मोजल्या होत्या."

"आणि तुम्ही पाणी खात्यात."

"मी पाणी खात्यात." ते तळ्याकडे बघत होते. "एक व्हॉल्व्ह अर्धा तास जास्त उघडा ठेवला असता ना, तर वर पाणी चढलं असतं. कुठला व्हॉल्व्ह तेही मला माहीत होतं. पण लोक काय म्हणतील, ओव्हरसियरनं स्वतःच्या गल्लीला पाणी घेतलं. म्हणून नाही केलं. त्या गल्लीत बारा घरं होती. आपलं एकट्याचं थोडंच होतं. पण मला माझी अब्रू मोठी वाटली."

आईनं हे कधी सांगितलं नव्हतं. आईचे गुडघे पन्नाशीतच गेले होते, शेवटची दहा वर्षं ती जिना चढू शकत नव्हती, एवढं तिला माहीत होतं.

"आई काही म्हणाली नाही?"

"एकदा म्हणाली. भरलेली घागर घेऊन उतरायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, म्हणाली. चढताना रिकामी, उतरताना भरलेली. एवढंच. चिडून नाही, आपलं सहज. मी हसलो होतो." त्यांनी नाक पुसलं. "पुढं बदली झाली, आपण खाली राहायला आलो, विषय संपला. आता इथं दिवसभर काही काम नसतं ना, मग आठवत राहतं."

अंधार पडायला लागला तसे दोघं उठून घरी आले. त्यांनी थोडा वरणभात खाल्ला.

सोमवारी सकाळी नीरजानं चौक उचलायला घेतला. एकेक झाड, भट्टी, बाजाराचे ओटे, सगळं वर हौदाजवळ नेलं. विहीर काढून टाकली. तिथे नुसतं मोकळं फरसबंद अंगण ठेवलं. तीन दिवस म्हणाली होती, चार लागले. मग तिनं पाणी भरणाऱ्या बायकांच्या वाटा बदलल्या. आता त्या रिकामी भांडी घेऊन चढत होत्या आणि भरलेली घेऊन उतरत होत्या. बाबा शेजारी बसून होते. त्यांनी काही सूचना केली नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी गाव पब्लिशरकडे गेलं. पुढच्या मंगळवारी ब्रॉनविनचा मेल आला. लोक गावात अर्धा तास नुसते हिंडत राहिले, असं तिकडून कळवलं होतं. काय बदललं ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण आता तिथे कुणी तरी राहतं असं वाटतं. नीरजानं मेल बाबांना मराठीत वाचून दाखवला. ते म्हणाले, "चला, झालं एक काम." त्या रविवारी ती अकरापर्यंत झोपली.

आणि त्यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी साडेसातला, सगळ्यांना एका व्हिडिओ कॉलवर बोलावलं. अमेरिकेतल्या कंपनीनं आपले सहा प्रोजेक्ट बंद केले होते. त्यातला एक हा. मेलबर्नचा स्टुडिओही बंद होणार होता. ब्रॉनविननं कागद न बघता, आवाज न बदलता सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आज संध्याकाळी पाचला सगळ्यांचे लॉगिन बंद होतील. कामाची कॉपी कुणी ठेवायची नाहीये. मला माफ करा. यू वर ऑल सो गुड." आणि तिनं कॅमेरा बंद केला.

नीरजा उठून स्वयंपाकघरात आली. बाबा गॅसपाशी उभे होते, चहा उकळत होता. तिनं त्यांना सांगितलं. जूनमध्ये नऊ जण गेले त्या रात्री तिला झोप लागली नव्हती. आज काहीच झालं नाही. पाय दुखत होते, एवढंच.

"आणि ते गाव?" बाबांनी विचारलं.

"ते कंपनीच्या मालकीचं आहे. राहील कुठल्या तरी सर्व्हरवर. कुणी उघडणार नाही."

"मोडणार नाहीत ना?"

"मोडणार नाहीत. पण दाखवणारही नाहीत कुणाला."

त्यांनी चहा गाळला. तिच्या कपात नेहमीपेक्षा जास्त साखर घातली. हृषिकेश सिटीला निघाला होता, त्याला तिनं फोनवर कळवलं. तो परत येतो म्हणाला. ती म्हणाली, "नको. येऊन काय करणार? मी झोपते." आणि खरंच बेडरूममध्ये जाऊन झोपली.

दुपारी तिला जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते. बाबा तिच्या कामाच्या खोलीत, बंद स्क्रीनसमोर, नेहमीच्या खुर्चीत बसले होते.

"पाचला अजून वेळ आहे ना?" ते म्हणाले. "मला एकदा त्या गावात चालायचंय. तू आजवर वरून दाखवलंस. मी चाललो नाही त्यात."

तिनं स्क्रीन लावली, दोन्ही हातांत धरून खेळायचा कंट्रोलर जोडला. बाबांनी तो उलटाच धरला. तेवढ्यात अनुष्का शाळेतून आली. काय झालंय ते तिला हृषिकेशच्या मेसेजवरून कळलं होतं. ती आईला मिठी मारून उभी राहिली थोडा वेळ. मग तिनं आजोबांचे अंगठे धरून जागेवर ठेवले. "धिस वन इज वॉकिंग, आजोबा. अँड धिस इज युअर डोकं."

आधी ते भिंतीलाच धडकत राहिले. मग जमलं. खालच्या वेशीतून ते आत शिरले, घाण्यापाशी थांबले, वाकून गटार पाहिलं. नीरजानं मागून पाऊस लावला. छपरांवरून पाणी गळायला लागलं, रस्त्याच्या कडांनी मधल्या गटारात उतरलं आणि खाली वाहू लागलं. तळघरांत शिरलं नाही. बाबा हळूहळू चढ चढत गेले. पुढे वळण आलं की त्यांची मानही त्या बाजूला वळत होती.

हौदापाशी काही बायका होत्या. एकीनं तांब्याची घागर भरली, कडेवर घेतली आणि ती उतरायला लागली. बाबा तिच्या मागे निघाले. ती संथ चालत होती. वाटेत कुणाशी दोन शब्द बोलली, फ्रेंचमध्ये, त्यांना कळले नाहीत. लोहाराच्या घरावरून, मग बोळातून, मग एका निळ्या दाराशी आली, दार लोटून आत गेली. दार बंद झालं.

बाबा दारासमोर उभे राहिले. पाऊस पडत होता.

"शी डझन्ट डू एनिथिंग आफ्टर दॅट," अनुष्का म्हणाली. "मम्मी, ती आत काय करते?"

"काही नाही. आत घरच नाहीये. नुसतं दार बनवलंय."

"असू दे," बाबा म्हणाले. "पोचली ना घरी."

अनुष्का त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. पाचला दोन मिनिटं कमी असताना स्क्रीनवर एक राखाडी चौकोन आला, लॉगिन संपल्याचा. बाबांनी कंट्रोलर अलगद टेबलावर ठेवला आणि अनुष्काला म्हणाले, "काही खाल्लंस का? चल, तुला पोहे करून देतो."

पुढचे काही आठवडे नीरजानं फारसं काही केलं नाही. दोन ठिकाणी अर्ज पाठवले. एका युनिमधून आठवड्याला दोन दिवस शिकवण्याबद्दल विचारणा झाली, पण ते मार्चपासून. ती दुपारी झोपायची आणि उठली तरी दमलेलीच असायची. हृषिकेश म्हणायचा, "राहू दे, इतकी वर्षं धावलीस." ब्रॉनविनचा एकदा फोन आला, ती बहिणीकडे टास्मानियाला चालली होती. दोघी बराच वेळ बोलल्या, गेमबद्दल एक शब्दही नाही.

एके दिवशी भाजी निवडताना बाबा म्हणाले, "मी ऑक्टोबरअखेर परत जाईन म्हणतो."

एरवी तिनं वाद घातला असता. तिकडे एकटे कसे राहणार, काही झालं तर कोण आहे, हे सगळं तिच्याकडे तयार होतं. तिनं शेंगेची शीर ओढून काढली. "तिकडे काय करणार?"

"काही नाही. माझं घर आहे तिथं. माणसं ओळखीची आहेत. इथं तुम्ही सगळे चांगले आहात, पण मला इथं दिवस लांब वाटतो, नीरू."

हे 'बघू' नव्हतं. ती म्हणाली, "रोज फोन करायचा. आणि दोन्ही वेळा तोच भात खायचा नाही."

"नाही खाणार. डबा लावतो."

त्यांना सोडायला ती एकटीच टुलामरीन विमानतळावर गेली. हृषिकेशला मीटिंग होती, अनुष्काची परीक्षा. सकाळची वेळ होती, बाहेर कोवळं ऊन होतं. सामान देऊन झालं तरी विमानाला पावणेतीन तास होते. एरवी ती त्यांना आत पाठवून लगेच निघाली असती, गाडी फ्रीवेला लागायच्या आधीच एखादा कॉल सुरू झाला असता. आज तिला कुठे जायचं नव्हतं. तिनं दोन चहा घेतले. चहा कोमट होता. बाबांनी पासपोर्ट खिशात आहे ना ते दोनदा चाचपून पाहिलं.

"तू नीट जेवत जा," ते म्हणाले. "आणि नोकरीची घाई करू नको."

"हं."

मग त्यांना झोप लागली. आधी मान पुढे लवंडली, नंतर हळूच तिच्या खांद्यावर आली. जाकिटाला तिच्याच घरातल्या साबणाचा वास होता. समोरून माणसं ट्रॉल्या ढकलत जात होती. तिनं त्यांच्या हातातला अर्धा कप काढून बाजूला ठेवला, खांदा थोडा खाली केला आणि फलकावरची वेळ बघत, न हलता, बसून राहिली.